पडद्यावर चढणारी पट्टी

१

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास वरच्या मजल्यावर कुणीतरी दार बडवायला लागलं.

"मोठीमाय! ओ मोठीमाय!"

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. वर जायचा धीर झाला नाही. मावला गावातल्या या घराला चार पोर्शन आहेत. खाली पुढच्या बाजूला घरमालक अमर आणि त्याची बायको मीनल. अमर दिवसभर दुकानात असतो. खाली मागच्या बाजूला मी. वर समोरासमोर दोन खोल्या. एकीत देवकाबाई आणि दुसरीत पूनम. देवकाबाई एकट्या राहतात, साठी ओलांडलेल्या, बावीस वर्षं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. पूनम खाजगी दवाखान्यात नर्स आहे.

दार बडवणारा राजकुमार होता, देवकाबाईंच्या दिराचा मुलगा. तामसीकडच्या गावात शेती करतो. त्याची आई लहानपणीच गेली, म्हणून देवकाबाईंनीच त्याला वाढवलं, हे मी मीनलच्या तोंडून ऐकलं होतं. त्याच्या खांद्यावर नवी कोरी, गुंडाळलेली गादी होती आणि दाराला कुलूप होतं.

मीनल कमरेवर हात ठेवून जिन्यात उभी राहिली. "शनिवारपासून कुलूपच हाय, राजूभाऊ. मले वाटलं तुमच्याचकडं गेल्या."

"माह्याकडं? मीच तं तिले न्याले आलो! आता इथं ठेवत नाई, कायमची घरी नेतो. फोनवर सांगतलं व्हतं मी. हे पाहा, घरचा कापूस देऊन गादी भरून घेतली तिच्यासाठी."

तेवढ्यात पूनम दवाखान्यातून आली. तिने एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा गादीकडे, आणि राजकुमारकडे मात्र पाहिलं नाही.

"मंचेरियलला गेल्या त्या," ती म्हणाली. "जिनिंगमधल्या मैत्रिणीकडं. शनिवारी मीच बसमधी बसवून देलं."

"कोन मैत्रीण? नाव काय?"

"नाव नाई सांगतलं."

"फोन काऊन बंद हाय मंग?"

"मले काय माहीत, भाऊ."

"आन तिचं वाफेचं मशीन?"

"नेलं ना संगं. त्याच्याबिगर कशा जातीन?"

हे मशीन म्हणजे एक लहानसं खोकं. त्याला नळी आणि तोंडावर लावायचा मुखवटा असतो. त्यात औषध घालून सकाळ-संध्याकाळ वाफ घेतली तरच देवकाबाईंचा दम टिकायचा. दोन दिवस मशीन मिळालं नाही तर काय होईल ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

राजकुमारचा आवाज चढला. "आमचं मंचेरियलले कोनी नाई. तिले शेवटची पाह्यणारी तू. काई कमीजास्त झालं ना, तं याद राख."

गादी दोन्ही दारांच्या मधल्या भिंतीला टेकवून तो ठाण्यावर अर्ज द्यायला निघाला. मी परत माझ्या खोलीत येऊन बसलो.

मशीन शनिवारीच मंचेरियलला गेलं, असं पूनम म्हणाली होती. आणि आज गुरुवारी, सकाळी सहा वाजता, मी ते मशीन याच घरात चालताना पाहिलं होतं.

२

पाहिलं म्हणजे माझ्या मॉनिटरच्या पडद्यावर पाहिलं. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून मी आजवर सांगितलं नव्हतं.

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. शिकवलं कधीच नाही, तरी लोक मला मास्तर म्हणतात. निवृत्त झाल्यावर जुना संगणक घेतला आणि या भागातल्या शेतांची नावं टिपून ठेवायला लागलो. त्या नावांना कुणी वाचक मिळेल असं मला वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी पडद्यावरचं चित्र हलायला लागलं. दुरुस्तीवाला आला, तारा काढून लावल्या, आणि म्हणाला, "मॉनिटर चांगला हाय, मास्तर. घराची अर्थिंग तुटली हाय. घरात कोनी मोटर लावली का तिचा करंट तुमच्या पडद्यावर नाचते. मालकिणीले सांगा, तार जोडून घेईन."

मी सांगितलं नाही. आधी संकोच होता म्हणून. नंतर कारण बदललं.

हळूहळू मला ते चित्र वाचता यायला लागलं. मीनलने पाण्याची मोटर लावली की चित्र दोन्ही बाजूंनी क्षणभर आकसायचं. कुणी मिक्सर लावला की ज्वारी सांडावी तसे पांढरे ठिपके पडद्यावर उधळायचे. आणि रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला एक फिकट करडी पट्टी खालून उगवायची, सावकाश वर चढायची, विरायची; मग दुसरी. बारा मिनिटं हे चालायचं. त्याच वेळी वरच्या मागच्या खिडकीतून घरघर ऐकू यायची. देवकाबाई वाफ घेत असायच्या.

ती बारा मिनिटं मी टाइप करत नसे. हात मांडीवर ठेवून पट्ट्या बघत बसायचो. देवकाबाई वर्षभर माझ्या डोक्यावर राहत होत्या आणि आमचं एका शब्दाचंही बोलणं झालेलं नव्हतं. माझं दार मागच्या बोळात उघडतं, त्यांचा जिना पुढे. पण सातची पट्टी आली की मला बरं वाटायचं. वेळा वहीत लिहून ठेवायची सवय मला ग्रंथालयातली.

गुरुवारी ती वही उघडली. शनिवारी सकाळी सात: पट्टी. शनिवारी संध्याकाळी सात: पट्टी, वर ठिपके. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार: सकाळी सहा, संध्याकाळी सात, प्रत्येक वेळी पट्टी आणि ठिपके एकत्र. आज सकाळी सहा: तसंच.

शनिवार संध्याकाळपासून पट्टी एकदाही एकटी आली नव्हती.

मी वही मिटली. इतक्यात, चारच्या सुमारास, पडद्याच्या तळातून करडी पट्टी उगवली आणि तिच्यावर ठिपके उधळले. ही वेळ त्या मशीनची कधीच नव्हती.

३

शुक्रवारी सकाळी मी मीनलकडे गेलो. भाड्याची तारीख सोडून मी तिच्या दारात कधी उभा राहत नाही, त्यामुळे ती घाबरली.

"काय झालं, मास्तर? बरं नाई का?"

"बरं आहे. त्या वरच्या बाईंचं… काही कळलं का?"

"मले काय कळन? पोलीस आले व्हते. म्हनले, मोठी बाई हाय, गेली असन कुठं, येईन." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांगू का? गेल्या तं बरंच झालं. माह्या बहिणीले खोली पाह्यजे. पन म्हातारीले जा म्हनवत नाई ना."

हिला खोली हवी होती. माझ्या मनात नको ते आलं आणि लगेच लाज वाटली.

"कुलूप तुमचं आहे का?" मी विचारलं.

"माहं कायले? त्यायचंच हाय, पितळेचं. अन् तुमी काऊन इतकं इचारून राह्यले?" ती हसली. "म्हातारपनी शेजारीन आवडली काय?"

माझे कान तापले. मी वळलो, तेव्हा तीच मागून बोलत राहिली. "त्या पूनमले सांगा तुमी, तुमचं ऐकन. पाच-सहा दिवस झाले, पहाटे पहाटे मिक्सर. संध्याकाळी मिक्सर. काल तं दुपारी बी. चटणी वाटून राह्यली का भिंत पाडून राह्यली, देव जाने. एकटा जीव, किती खाते अशी?"

"किती वेळ चालतो मिक्सर?"

"लई वेळ. थांबते, पुन्हा लागते. धा-बारा मिंटं तं पक्की."

मी खोलीत येऊन खुर्चीवर बसलो. मी एकटा राहतो, स्वयंपाक स्वतः करतो. चटणीला एक मिनिट लागतं. बारा मिनिटं मिक्सर चालवला तर चटणी होत नाही, मिक्सर जळतो.

४

त्या दुपारी पूनमला गाठायचं ठरवलं. जिन्याच्या चार पायऱ्या चढलो आणि थांबलो. काय विचारणार होतो मी? तेवढ्यात तीच खाली आली, हातात कचऱ्याची पिशवी. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"काय पाह्यजे, काका?"

"मिक्सर…" मी म्हणालो. "मालकीणबाई म्हणत होत्या…"

"मसाला करून राह्यले. दवाखान्यातल्या बायांची ऑर्डर हाय. तरास होते का तुमाले?"

"नाही, नाही. करा."

ती घाईने पुढे गेली. मी तिथेच जिन्यात उभा होतो. आठवडाभर मसाला वाटला जात होता म्हणे. मिरची भाजली तर बोळाच्या टोकापर्यंत ठसका लागतो. जिन्यात तसला वास नव्हता. होता तो मोटर तापल्यावर येतो तसा, कडवट, जळका.

मी वर पाहिलं. कुलूप तसंच होतं. गादी तशीच भिंतीला टेकलेली, तिच्या शिवणीतून कापसाचे तंतू बाहेर आलेले, वाऱ्याने जरा जरा हलणारे.

संध्याकाळी मी दोन शक्यता कागदावर लिहिल्या. एक, देवकाबाई कुठेतरी गेल्या किंवा त्यांचं काही बरंवाईट झालं, आणि मशीन पूनमने ठेवून घेतलं. ती ते दुसऱ्या कुणासाठी वापरते. दोन, देवकाबाई पूनमच्या खोलीत आहेत. पहिली खरी असेल तर त्या कुठेतरी मशीनशिवाय होत्या. दुसरी खरी असेल तर कुणापासून तरी लपवल्या गेल्या होत्या. पण कोणी, आणि कुणापासून?

त्या रात्री झोपायच्या आधी वहीत लिहिलं: शुक्रवार, तीन वेळा. काल, गुरुवारी, तीन वेळा. त्याआधी रोज दोनच.

दम वाढत होता. गुरुवार दुपारपासून वाढत होता.

५

शनिवारी सकाळी दहाला राजकुमार परत आला. या वेळी तो ओरडला नाही. सरळ वर गेला आणि देवकाबाईंच्या दारासमोर गादीला टेकून बसला.

"सोमवारी पोलीस कुलूप तोडून देनार हायेत," तो मीनलला म्हणाला. "तवरोक मी इथून हालत नाई. हे पोरगी कुठं जाते, काय करते, मी पाह्यतो."

"अवो, पन जेवान?"

"नाई पाह्यजे जेवान."

पूनम त्या दिवशी कामाला गेली नाही. तिचं दार बंदच राहिलं.

मी पडद्यासमोरून उठलो नाही. सकाळी सहाला पट्टी येऊन गेली होती. अकराला पुन्हा आली, ठिपक्यांसह. वरून राजकुमारचा वैतागलेला आवाज आला, "बंद कर ना ते, बाई! डोकं उठवलं!" दोनला पुन्हा. पाचला दहा मिनिटं कमी असताना चौथ्यांदा. या खेपेला ठिपके मध्येच थांबले, पुन्हा लागले नाहीत. मिक्सर बहुधा जळाला असावा. पट्टी एकटीच चढत राहिली, आणि बारा मिनिटं संपली तरी थांबली नाही.

रोज दोन वेळा पुरणारं औषध आज चार वेळा लागलं होतं आणि तरी दम उतरत नव्हता. पुढची पायरी दवाखान्याची होती. आणि दवाखान्यात न्यायचं तर दारात राजकुमार बसलेला.

मी जन्मात कुणाच्या भांडणात पडलेलो नाही. माझा तर्क चुकीचा निघाला तर एका मुलीवर आळ येणार होता. बरोबर निघाला तर काय होणार, तेही मला नीट ठाऊक नव्हतं. तरी मी जिना चढलो, सगळा.

"राजकुमार," मी म्हणालो, "जरा खाली माझ्या खोलीत या. तुमची मोठीमाय सापडली आहे."

६

त्याने पडद्यावरची पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मला वेड लागलं असावं असा त्याचा चेहरा झाला.

मी वही उघडून भराभर सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. ही पट्टी म्हणजे त्यांचं मशीन. गेल्या शनिवारनंतरही ते रोज चाललं. मशीनचा आवाज बंद खोलीतून बाहेर आला असता, म्हणून त्याच्यावर मिक्सर लावला जायचा. कानाला मिक्सर ऐकू येतो, पडद्यावर दोन्ही दिसतात. आज मिक्सर थांबल्यावर वर जी बारीक घरघर उरली, ती त्याच मशीनची. आत्ता तुम्ही पूनमच्या ज्या दाराशेजारी बसला होतात, त्या दाराआड त्या आहेत.

तो ताडकन उठला. "कोंडून ठेवलं तिनं! पूनमनं! तोडतोच दार."

मी त्याचं मनगट धरलं. कसं धरलं, मला आजही सांगता येणार नाही.

"कोंडणारा माणूस वाफ देत नाही. स्वतःचा मिक्सर जाळत नाही. त्या स्वतःहून लपल्या आहेत."

"कोनापासून?"

मी विचारलं, "इथे राहायला येण्याआधीच्या दिवाळीला त्या तुमच्याकडे होत्या, असं मीनल म्हणाली होती. कुठे झोपायच्या?"

"माजघरात. कापूस भरला व्हता ना तिथं, भाव येईस्तोवर. सगळे तसेच भरतेत. त्याच्याच अंगानं टाकली व्हती तिची जागा. ऊबदार रायते. माह्या लेकरायले बी नाई देली मी ते जागा, तिले देली."

"किती दिवस राहिल्या?"

"अकरा. बाराव्या दिशी लईच दम लागला, तं दवाखान्यात आनलं. थंडी भरली व्हती." तो थांबला. "तिथंच भेटली तिले हे पूनम. तिनंच हे खोली दाखवली."

"बावीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची धूळ छातीत गेली आहे त्यांच्या, राजकुमार. गेला आठवडाभर थंडी रोज तेवढीच आहे. मशीन दोनदा लागायचं. गुरुवारी तुम्ही गादी आणून दाराशी ठेवलीत आणि ते तीनदा लागलं. आज तुम्ही स्वतः तिला टेकून बसलात, तर चारदा." मी त्याच्या बाहीवरचा एक पांढरा तंतू दोन बोटांनी उचलला. "दाराखालच्या फटीतून हे आत जातं."

त्याने तो तंतू माझ्या बोटांतून काढून घेतला.

"मंग मले सांगतलं काऊन नाई तिनं?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी काय परका हाओ का? नको येत म्हनली असती, तं ओढून नेलं असतं का मी?"

"तुम्ही नेलं नसतं. पण तुम्ही विचारल्यावर त्यांना नाही म्हणता येत नाही. फोनवरही त्या हो म्हणाल्या असतील."

"हो म्हनली," तो म्हणाला. "म्हनली, ये बाप्पा."

पट्टी अजून चढत होती. त्याने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "मास्तर, अंगावर घ्याले पानी हाय का?"

आधी त्याने गादी खाली उतरवली. "आता हे कोठी ठेवून राह्यले? माह्या दारात नको!" असं मीनल ओरडली, पण त्याने ती बोळातून दूर नेऊन, ज्यात बसून तो आला होता त्या टेम्पोत टाकली. मग माझ्या न्हाणीत जानेवारीच्या गार पाण्याच्या दोन बादल्या डोक्यावरून ओतून घेतल्या. मी माझा सदरा आणि पायजमा दिला. सदऱ्याची गुंडी लागली नाही, पायजमा नडगीपर्यंत आला. स्वतःच्या कपड्यांचं गाठोडं बांधून त्याने ते बाहेर ठेवलं आणि वर गेला. मी ओला फडका घेऊन त्याच्या मागून जिना पुसत गेलो, शेवटच्या पायरीच्या आधी थांबलो.

त्याने दार बडवलं नाही. कपाळ टेकवून हळू म्हणाला, "मोठीमाय, मी हाओ. न्हाऊन आलो. गादी नेली. तुले कुठं नेत नाई मी. दवाखान्यात जाऊ फक्त, अन् इथंच परत येऊ."

मग घरघर थांबली आणि कडी निघाली.

दाराच्या कोनातून मला पूनमची पाठ दिसली आणि तिच्या पलीकडे पलंगाचा एक पाय. देवकाबाई दिसल्या नाहीत. त्यांचा आवाज मात्र पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला. शब्दाशब्दाला थांबत होत्या, आणि हसत होत्या.

"हे… कोनाचं घालून आला रे… येड्या?"

"खालच्या मास्तरचं."

"खालच्या?" त्यांनी दम घेतला. "खाली… कोन रायते?"

"हाय एक मास्तर," पूनम म्हणाली. "एकटेच असतेत."

आणि बाहेरची थंडी आत येऊ नये म्हणून तिने दार लोटून घेतलं.